मला पेटीतच राहू द्या

मी एक जुनं व्हायोलिन आहे. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची रडगाणी तुम्हाला पाठ असतील: आधी कौतुक, मग अडगळ, मग धूळ. माझं रडगाणं उलटं आहे. मला कोणी टाकलं नाही, आणि तेच माझं दुःख आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. पोटाला मऊ लाकूड, पाठीला कणखर, आणि सगळं सांधलं साध्या गरम सरसाने. कोणी विचारलं की म्हणायचा, "पक्कं चिकटवू नये रे बाबा. उद्या ताण आला तर सांधा सुटावा, लाकूड फुटू नये." माणूस मोठा शहाणा होता.

पुढे मी एका शाळेतल्या संगीताच्या बाईंकडे आलो. त्यांना शिकवणारं कोणी नव्हतं. एका फाटक्या पुस्तकातली चित्रं बघून त्या शिकल्या. माझी मान तळहातात घट्ट धरायच्या आणि अंगठ्याने आवळायच्या. गुदमरायला व्हायचं, पण वाजवायच्या जीव ओतून. भाची सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी मला तिच्या खांद्यावर ठेवलं. भाची गुटगुटीत, म्हणून घरात सगळे तिला गोटी म्हणत. "मान सुटायला नको हं, गोटे!" आत्या दटावायची. गोटीने मान कधी सोडली नाही.

गोटी मोठी झाली, टाळ्या मिळवू लागली, आणि एक दिवस परदेशातल्या संगीताच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. निघताना आत्याने मला तिच्या हातात दिलं. "आता हे तुझं. मला काय, नुसतं ऐकायचं काम," असं म्हणून ती पदराने माझीच पेटी पुसत बसली.

पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमनी चार ओळी ऐकल्या आणि हात वर केला. "कान सुरेख आहे तुझा. हात मात्र पहिल्यापासून शिकावा लागेल. अंगठा सैल, मान तळहातात नको. आणि जुन्या पद्धतीने एकदाही वाजवायचं नाही. एकदाही!"

वर्षाच्या शेवटी परीक्षा होती. नापास झालं की कॉलेजातली जागा जाणार, आणि जागा गेली की त्या देशात राहायचा परवानाही जाणार. मग थेट घर.

सरावाच्या खोल्या तळघरात होत्या. दाराला वहीएवढी काच. खोली दहा मिनिटं रिकामी दिसली की बाहेर ताटकळणारा कोणीही आत शिरू शकतो, असा तिथला नियम. म्हणून गोटी पाणी प्यायलाही उठायची नाही. सहा-सहा तास तिचा नवा, सैल, अवघडलेला हात माझ्यावर धडपडत असायचा. तेही निभावलं असतं हो! पण दर रविवारी घरून फोन यायचा.

पडद्यावर आई, बाबा आणि मधोमध आत्या. "ए गोटे, आपली ती धून वाजव ना!" पहिल्या रविवारी गोटीने नव्या पद्धतीने वाजवली. आत्या पडद्याला नाक लावून बघत होती. "अगं, अंगठा काय असा लोंबतोय? असं शिकवलं होतं का मी तुला?"

"परदेशी गेली आणि विसरली!" आई हसली.

गोटीचा चेहरा पडला. पुढच्याच क्षणी तिच्या अंगठ्याने माझी मान आवळली. तेव्हापासून रविवारी आत्याचा हात आणि सोमवारी मॅडमचा. एका म्यानात दोन तलवारी राहतात का कधी? तिच्या करंगळीपासून कोपरापर्यंत कळा येऊ लागल्या.

"मॅडमना सांगितलं तर त्या सराव बंद करतील, परीक्षा बुडेल," मला पुसता पुसता ती पुटपुटायची. "घरी सांगितलं तर आत्या विचारेल, कशामुळे? काय सांगू, तुझ्या शिकवण्यामुळे?" आपलेच दात, आपलेच ओठ. सांगता येईना नि सहनही होईना.

मग मी ठरवलं, आपणच मोडायचं. थंडीत खोली तापवणाऱ्या यंत्राने हवा कोरडी पडली होती. मी अंग चोरलं आणि बरगडीचा, म्हणजे माझ्या कडेच्या पट्टीचा, सांधा सोडून दिला. गोटी मला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे धावली. त्याने मला उलटंसुलटं पाहिलं. "चार दिवस लागतील," तो म्हणाला. मग त्याची नजर तिच्या कोपरावर गेली. "हात बघू." त्याने जरा दाबलं तशी ती कळवळली. "पोरी, याचा सांधा सुटला म्हणून लाकूड वाचलं. तुझ्या शिरेला सरस लावता येणार नाही मला. चार दिवस गप्प बस."

तिने मान डोलावली आणि तडक जाऊन कॉलेजातलं दुसरं व्हायोलिन मागून घेतलं. चार दिवसांनी मी परत आल्यावर तिच्या तापलेल्या बोटांवरूनच मला ते कळलं. माझं मोडणं फुकट गेलं.

परीक्षेत तिसऱ्या ओळीला तिची करंगळी तारेवर टेकलीच नाही. ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली.

मॅडम उठून जवळ आल्या. "काय होतंय?"

"दुखतंय."

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "मी रोज समोर बसत होते," त्या म्हणाल्या, "मला दिसलं कसं नाही?"

डॉक्टरांनी बजावलं: तीन महिने वाद्याला हात लावायचा नाही, नाहीतर करंगळी कायमची जाईल. मॅडम कार्यालयात जाऊन भांड भांड भांडल्या. फेरपरीक्षा मिळाली, पण सहा आठवड्यांनी. त्याहून पुढे एक दिवस नाही, म्हणे नियम आहे.

रविवारी आत्याने विचारलं, "परीक्षा कशी झाली गं?"

"छान!" गोटी म्हणाली. हात पडद्याबाहेर ठेवला होता.

डॉक्टरांनी बजावल्याला आज सहावा दिवस. तिने आत्ताच माझी पेटी उघडली. दाराला आतून खुर्ची लावली, मला खांद्यावर घेतलं. तारांवर फिरवायचा गज अजून पेटीतच आहे. मला ओरडायचंय, पण मला ओरडायलाही तिचाच हात लागतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला विसरू नका. मी विनवतो, मला विसरा. पेटीत कोंडा, माळ्यावर टाका, तारा गंजू देत. मी शंभर वर्षं थांबेन, लाकडाला काय त्याचं. तिचा हात तेवढा टिकणार नाही. कोणीतरी तिच्या आत्याला खरं काय ते कळवा. ती रडेल, स्वतःच्या तोंडात मारून घेईल, पण आधी ओरडून ओरडून मला खाली ठेवायला लावेल. ते ओरडणं गोटी ऐकेल. दुसऱ्या कोणाचंच ती ऐकत नाही.

लवकर कळवा हो. तिने गज उचललाय.