सांध्यातला उजेड

दगड खाली टेकला आणि त्याच्या डाव्या कोपऱ्याखालून उजेडाची बारीक रेघ आरपार दिसली.

"वर घे! उचल!" कोल्यान मचाणावरून ओरडली. क्रेनची साखळी ताणली गेली आणि दगड हातभर वर जाऊन लोंबकळत राहिला.

खाली उभ्या असलेल्या रिनकाकांनी मान वळवली. रेघ त्यांनाही दिसली होती. दिसली नसती तर बरं झालं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

दगड कोल्यानच्या वडिलांनी घडवलेला होता. शेवटचा. जुन्या राजनगरीतल्या पडलेल्या देवळांचे दगड पुन्हा जागच्या जागी बसवण्यात सारीन मिस्त्रींचा जन्म गेला. कोल्यान छिन्नी धरायला त्यांच्याकडेच शिकली, आणि आता या लहान देवळावर तीच मुख्य मिस्त्री होती. दाराशेजारच्या भिंतीतला एक दगड लढाईच्या वर्षांत फुटून गेला होता. त्याच्या जागी नवा घडवायचं काम सारीननी मागून घेतलं. त्यावर कोरीव काम नव्हतं. बघणाऱ्याला नवा दगड नवा म्हणून कळला पाहिजे, हा कामावरचा नियम. पण खालच्या जुन्या दगडावर तो चुन्याशिवाय, नुसता दगडावर दगड बसायला हवा होता, पूर्वीचे लोक बसवत तसा. "देवळात उजेड दारातून यावा, सांध्यातून नाही," असं ते म्हणत. दगड घडवून झाला, आणि तो वर चढायच्या आत ते गेले.

"बसतोय की," रिनकाका वर चढून येत म्हणाले. सारीनबरोबर त्यांनी सारी हयात काढली होती. "आतून राळ आणि दगडाची पूड भरू. बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही."

"माझ्या बापाला कळेल."

काकांना हसू आलं. "हो. तो उठून येईल."

कामावरचा इंजिनियर वीसाल पट्टी घेऊन आला. त्याने फट मोजली, पुन्हा मोजली. "ताई, संध्याकाळी क्रेन उत्तरेच्या वेशीकडे जाते. पावसाळा संपेपर्यंत ती आपल्याला मिळायची नाही. शेडमध्ये आपण जास्तीचा घडवून ठेवलेला दगड आहे, तो बसतो. मलासुद्धा मिस्त्रींचाच लागायला हवाय. पण फट ठेवून सही नाही करता येणार."

"करू नकोच."

गोष्ट सरळ होती. अंधार पडायच्या आत हा दगड बसला नाही, तर तो खंदकाकडेच्या ढिगात जाईल, जिथे जागा न सापडलेले दगड गवतात पडून असतात.

कोल्यानने तांबडी माती कालवून मागवली आणि खालच्या दगडाला स्वतःच्या हाताने तिचा पातळ लेप दिला. दगड वरून टेकवला, उचलला. तळाला लाल रंग लागला होता तो फक्त उजवीकडे, वीतभर जागेत. तिथे दगडाला पोट आलं होतं, त्यामुळे डावी बाजू उचलली जात होती. तिने हात फिरवून पाहिला. अगदी गुळगुळीत. शेवटच्या महिन्यांत बाबांच्या डोळ्यांवर पडदा आल्यासारखं झालं होतं आणि ते तळहाताने काम करायचे. तळहाताला खरखर कळते, उंची कळत नाही.

तिने छिन्नी घेतली. रिनकाकांनी तिचं मनगट धरलं.

"पोरी, शंभराव्या दिवसाचा विधी व्हायचाय अजून. त्याचा हात आहे यावर. गेलेल्या माणसाची चूक काढतात का?"

"काका, त्यांनी माझे किती दगड परत पाठवले?"

"मोजतंय कोण!"

"लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा एक पाठवला होता. म्हणाले, नवरा थांबेल, सांधा थांबणार नाही. मग त्यांचा एक परत आला तर काय बिघडलं? चुकलेला दगड नीट करायचा असतो, पुजायचा नसतो."

काकांनी मनगट सोडलं. "तुम्ही बापलेक! एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं."

दगड ओंडक्यांवर कलता केला. तळावर बाबांच्या छिन्नीच्या पुसट खुणा होत्या, हाताला न लागणाऱ्या, आखूड, एका बाजूला झुकलेल्या, माशाच्या काट्यांसारख्या. ती त्या खुणांकडे पाहत राहिली. मग पहिला घाव घातला.

दगड खणखणीत वाजला. उडाला तो तेवढाच टवका, तिला हवा होता तेवढा. दगडातले थर कसे गेलेत हे ओळखण्यात बाबा कधी चुकले नाहीत. जुन्या कारागिरांनी पुष्कळ दगड थर उभा ठेवून बसवले आणि ते चिरले. अशी प्रत्येक चीर दाखवून बाबा म्हणायचे, "राजाला घाई होती. तुला कसली आहे?"

टेकवा, उचला, लाल दिसेल तिथे छाटा. माशाच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया सगळ्यांनी उभ्यानेच खाल्ल्या. मग वाळू आणि पाणी घालून, साखळीवर तोललेला दगड खालच्या दगडावर पुढेमागे ढकलायला सुरुवात झाली. एका बाजूने काका, दुसऱ्या बाजूने कोल्यान. वीसालही बाह्या सरसावून आला.

उन्हं उतरली तशी क्रेनवाल्याने हॉर्न दिला. "अहो ताई, सूर्य बघा जरा! घाई करा!"

"घाई राजाला होती! तुला कसली आहे?"

रिनकाका खोकला येईपर्यंत हसले. "हा सारीनच बोलला!"

शेवटी दगड धुतला, टेकवला. यावेळी रेघ दिसली नाही. पण बाबांची परीक्षा बाकी होती. ते सांध्याला केस लावून बघत, आणि तो केस कोल्यान स्वतःच्या वेणीतून उपटून द्यायची. सवयीने तिचा हात डोक्याकडे गेला. वडील गेल्यावर रिवाजाप्रमाणे उतरवलेले केस आता कुठे उगवून नखाएवढे झाले होते.

तिने काकांकडे पाहिलं. त्यांनी आपल्या तुळतुळीत टकलावर हात ठेवला. "माझ्याकडे मागू नकोस, तीस वर्षांपूर्वी यायला हवं होतंस."

वीसालने मुकाट्याने डोकं पुढे केलं. तिने एक लांबसा केस उपटला.

"आई गं!"

"इंजिनियर ना तू?"

तिने केस सांध्याला लावून ढकलला. तो वाकला, मुडपला. दुसऱ्या टोकाला लावला, मध्ये लावला. कुठेही आत शिरला नाही.

"कर सही," ती म्हणाली.

साखळ्या सुटल्या. क्रेन गुरगुरत जंगलातल्या रस्त्याला लागली. कोल्यान देवळात गेली आणि आतल्या बाजूने भिंतीसमोर उभी राहिली. पश्चिमेच्या दारातून ऊन आत आलं होतं, जमिनीवर चौकोन पडला होता. भिंत अंधारी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वेळ लावलास, असं म्हणाला असता तो," बाहेरून काकांचा आवाज आला.

"आणखी काय म्हणणार!" ती बाहेर आली आणि छिन्नी पुसून पिशवीत ठेवली. "चला, काका. आईने विधीसाठी केळीची पानं सांगितली आहेत. जाताना तोडून नेऊ."