जो हजर, त्याचं नाव

"म्याडम, तुम्हीच जा ना शाळेत झोपायला! आम्ही तुमच्या बिल्डिंगीत येऊन राहतो."

नितेशच्या या वाक्यावर भवानी टेकडीची अख्खी गल्ली हसली. नलिनी आचरेकर हसल्या नाहीत. त्यांची नजर त्याच्या डोक्यावरून मागे, टेकडीला आधार दिलेल्या दगडी भिंतीवर होती. सकाळी ती भिंत सरळ होती. आता तिला पोट आलं होतं, आणि त्या पोटातून चहाच्या रंगाचं पाणी झिरपत होतं.

घाटकोपरात त्या ऑगस्टमध्ये असा पाऊस लागला होता, की टेकडीवरच्या कोंबड्या पोहायला शिकल्या असं सांगणारे आजही भेटतात. त्यांना खोटं ठरवायला कोण बसलंय! पण भिंतीच्या पोटाची गोष्ट शंभर टक्के खरी.

"नितेश, थट्टा पुरे. शाळा उघडलीय, सतरंज्या टाकल्यात, खिचडी शिजतेय."

"आणि आम्ही उतरलो की पाठून जेसीबी! गोड बोलून खाली न्यायचं, वर साफ करायचं. येडे समजता काय?" नितेश वस्तीचा पुढारी. तो हलला नाही तर कुणी हलणार नाही, हे टेकडीवरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

नलिनीबाईंची सगळी नोकरी वॉर्ड ऑफिसच्या खिडकीमागे कागद तपासण्यात गेली होती. निवृत्तीला थोडे दिवस उरले, तेव्हा त्यांना आपत्कालीन कक्षात टाकलं. काम सोपं, असं साहेब म्हणाले होते. पालिकेची शाळा निवाऱ्यासाठी उघडायची, खिचडी सांगायची आणि केंद्र सरकारच्या बचाव पथकाशी बोलत राहायचं.

केंद्राचं पथक पायथ्याशी दोरखंड घेऊन उभं होतं. त्याचे प्रमुख चंद्रप्रकाश, गढवालकडचे, डोंगर ओळखणारे. त्यांनी मघाशीच सांगितलं होतं, "मॅडम, ये पहाड़ आज रुकेगा नहीं। लेकिन घर खाली करवाना लोकल का काम है। आप खाली कराइए, रास्ता मैं सँभालता हूँ। अँधेरे से पहले।"

साहेबांना फोन केला, तर ते दुसऱ्या नाल्यावर अडकलेले. "पोलीस मागवलेत, येतील. तोवर समजवा त्यांना."

तेवढ्यात भिंतीतून एक दगड सुटला आणि टप टप टप करत, शाळा सुटलेल्या पोरासारखा पायऱ्यांवरून खाली गेला. सगळ्यांनी तो जाताना पाहिला. आणि तरीही एकही माणूस हलला नाही.

नलिनीबाईंनी एकवार भिंतीकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं आणि आतून भलतंच बाहेर आलं.

"मग राहा इथेच. मी सांगायला आले होते, की शाळेत आज घरांची नोंदणी आहे. पुनर्वसनाची. संध्याकाळपर्यंतच. जो हजर, त्याचं नाव."

थाप मारायची तर डोंगराएवढी मारावी. लहान थापा लगेच सापडतात. बाईंनी जन्मात कधी खोटी सिक लीवसुद्धा टाकली नव्हती. त्यामुळे त्यांच्याकडे थाप होती ती कोरी करकरीत, घडीही न मोडलेली. कुणाला संशय येणार?

"आधी नाय बोलायचं?" नितेश ओरडला. "ए, चला रे! कागद घ्या, पोरं घ्या!"

आणि टेकडी उतरली. म्हातारे पाठीवर, गॅसच्या शेगड्या डोक्यावर, एकाने तर देवघर काखेत मारलेलं. पायथ्याला जवान हात देत होते. टेकडी उतरली, म्हणजे माणसं उतरली. डोंगर अजून जागेवरच होता.

शाळेच्या वर्गात पोरांच्या बुटक्या बाकावर नलिनीबाई वही उघडून बसल्या. समोर रांग दाराबाहेर, व्हरांड्यातून वळून पार मुतारीपर्यंत गेलेली. त्या नावं लिहीत होत्या आणि मनात हिशेब करत होत्या. आज डोंगर नाही पडला, तर उद्या हे लोक विचारतील, कुठे आहे घर? फाडून खातील. आणि पुन्हा कधी उतरणार नाहीत. पडायचा असेल तर पडून जाऊ दे एकदाचा, असं मनात आलं मात्र, आणि बाई स्वतःलाच अशा दचकल्या की पेनाने कागद फाटला.

"नलिनी, गो, ह्यां बघ. लाइटीचा बिल. चलात मां?"

प्रेमाकाकी. टेकडीच्या अगदी वरच्या ओळीत एकटी राहणारी, मालवणकडची. नलिनीबाई आपल्या मुलखातल्या म्हणून त्यांना नावाने हाक मारणारी टेकडीवरची एकटीच. तिने कागद बाकावर ठेवला आणि त्याच क्षणी फोन वाजला. चंद्रप्रकाश.

"मॅडम, ऊपर कोई बाकी? पत्थरवाली दीवार झुक रही है, जवानों को पीछे ले रहा हूँ।"

"नहीं सर, सब आ गए। ऊपर कोई नहीं," नलिनीबाई म्हणाल्या. डोळे समोरच्या कागदावर होते, आणि डोळ्यांनी कागद पाहिला की जिभेला विचारावं लागत नसे. ऑफिसच्या खिडकीमागे जीभ तशीच घडली होती. फोनवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "झेरॉक्स चालणार नाही. ओरिजिनल आणा. नेक्स्ट."

"बरां, हाडतंय. माझो डबो रांगेत मागे ठेवतंय, नंबर सांभाळा. गेलंय काय इलंय!"

नलिनीबाईंनी पुढचं नाव लिहिलं. मग त्याच्या पुढचं. नळावरच्या रांगेतून बाजूला गेलेल्या बाईचा हंडा जसा मागची बाई सरकवते, तसा कुणीतरी पायाने एक निळा प्लॅस्टिकचा डबा पुढे सरकवला. फरशीवर तो खरखरला. बाईंनी मान वर केली.

"हा डबा कुणाचा?"

"प्रेमाकाकीचा. तुम्हीच पाठवली ना ओरिजिनल आणायला? मागच्या पायऱ्यांनी गेली."

बाई उठल्या, बाक कलंडलं. फोन हातातून दोनदा निसटला. "सर! सर, एक औरत ऊपर..."

आधी आवाज आला नाही. आधी वास आला, उकरलेल्या मातीचा, थंड. मग खिडकीच्या काचा थरथरल्या, दिवे गेले. आणि मग तो आवाज, जणू एखादी बोजड मालगाडी शाळेच्या छतावरून जातेय आणि तिला शेवटचा डबाच नाही.

 सगळे आपापली पोरं चाचपत होते.

फोनवर चंद्रप्रकाशांचा आवाज फाटत येत होता. "ऊपर की लाइन गई, मॅडम। दूसरा हिस्सा भी लटका है। किसी को आने मत देना। हम देखते हैं।"

अंधारात नितेश बाकाजवळ आला. मोबाइलचा उजेड त्याने वहीवर धरला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली होता.

"म्याडम. नोंदणी थाप होती ना?"

बाईंनी मान डोलावली. 

"समजलं मला. आता कुणाला बोलू नका." मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली होती, 'काकी कुठाय, काकी कुठाय' कानोकान पसरत होतं. दोन पोरगे दाराकडे निघालेही होते. "तुम्ही थांबलात ना, तर सगळे वर धावतील उकरायला. आणि उरलेला डोंगर घेऊन बसतील अंगावर. लिवत र्‍हावा."

"मला नाही रे जमणार."

"जमवा." मग वळून तो गरजला, "ए, लाइन कोण मोडतो? नाव नाय लागणार त्याचं! उभे राहा जाग्यावर!"

दाराकडे गेलेले पोरगे घुटमळले. परत येऊन आपापल्या जागी उभे राहिले.

नलिनीबाईंनी बाक सरळ केलं, वही उचलली. नाव, बापाचं नाव, घरात माणसं किती. लिहीत गेल्या. एक माणूस पुढे आला की मागून तो खरखर आवाज येई. कुणी तो डबा ओलांडला नाही, कुणी बाजूला केला नाही. मागचा माणूस वाकून, आता पायाने नव्हे, हाताने तो पुढे सरकवी.

बाहेरून काकीला शोधणाऱ्या जवानांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग त्या थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या.

शेवटी समोर माणूस नव्हता, डबा होता. नितेशने निळा डबा उचलून बाकावर ठेवला.

"प्रेमाकाकीचा नंबर आलाय."

सगळी रांग बघत होती. नलिनीबाईंनी बाकाखाली मघापासून पडलेली ती झेरॉक्स उचलली, हाताने तिच्या चुण्या सरळ केल्या, आणि टाचणीने वहीच्या पानाला लावली. नाव लिहिलं. घरात माणसं, एक.

"झेरॉक्स चालते," त्या हळूच म्हणाल्या, आणि पुढच्या रकान्यात लिहिलं: हजर.