मी, माझे सहा सिलिंडर आणि मिस्त्रींचे ठिपके

मी ट्रकचं इंजिन बोलतोय. दचकू नका, आवाज जरा मोठा आहे, पण स्वभाव शांत आहे. माझे सहा सिलिंडर एका रांगेत उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच जाडजूड क्रँकशाफ्ट आडवा पडलेला आहे. सहा जणांनी आळीपाळीने ढकलायचं आणि क्रँकने फिरत राहायचं, एवढाच आमचा संसार. तो मी इतकी वर्षं केला, की मीटरवरचे आकडे संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले. ते पाहून माझा ड्रायव्हर लोकांना सांगायचा, "बघा, गाडी कशी नवीकोरी आहे!"

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यातला. वाळूच्या साच्यात लालभडक लोखंड ओतलं, ते निवलं आणि मी झालो. पहिला मालक घाईचा माणूस. मी गार असतानाच ॲक्सिलरेटर दाबून मला ओरडायला लावायचा आणि तेल बदलायची वेळ आली, की "पुढच्या खेपेला बघू" म्हणायचा. पुढची खेप कधी आलीच नाही. तेलाचं डांबर झालं, बेअरिंगं गेली, आणि एक दिवस त्याने मला ट्रकसकट एका मिस्त्रींच्या दारात आणून कायमचं सोडून दिलं.

ते मिस्त्री म्हणजे माझे दुसरे वडीलच म्हणा. गॅरेज लहान, पण जमीन इतकी स्वच्छ की पडलेला वॉशर लांबून दिसावा. कामात हसायचे नाहीत, पण गुणगुणायचे. त्यांनी मला पहिल्यांदा उघडलं आणि पुन्हा बांधलं. क्रँकला खालून धरून ठेवणाऱ्या लोखंडी कॅप असतात. त्या ब्लॉकला, म्हणजे माझ्या लोखंडी धडाला, घट्ट कसून, सगळ्या एकदमच आतून तासाव्या लागतात. म्हणजे ज्या कॅपची जी जागा ठरली ती कायमची. तिथे दुसरी चालत नाही. टोकांच्या दोन कॅप वेगळ्या घडणीच्या, त्यांची अदलाबदल होणं शक्यच नाही. पण मधल्या पाच अगदी जुळ्या बहिणींसारख्या. मिस्त्रींनी पंच घेतला आणि त्या पाचांवर ठिपके मारले. एकीवर एक, दुसरीवर दोन, असे पाचापर्यंत. ते ठिपके मला गुदगुल्या झाल्यासारखे वाटले होते.

मिस्त्री गेले. गॅरेज त्यांच्या मुलीने चालवायला घेतलं. तिला सगळे ताई म्हणतात, तिच्यापेक्षा वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा. ट्रक तिच्या धाकट्या भावाकडे आला. मीटरचं शून्य दाखवत फिरणारा माझा ड्रायव्हर तो हाच. दोघांचे स्वभाव म्हणाल तर ताई बोल्ट बोटांनी फिरवून मग पाना लावणार आणि धाकटा पाना लावून मग बोल्ट कुठला ते बघणार. पण जीव एकमेकांवर.

मग डोंगरावर धरणाचं काम निघालं. सिमेंट वर पोचवायचं, रस्ता सगळा चढाचा. माझं वय झालेलं, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. चढावर मला अशी धाप लागायची की मागे गाड्यांची रांग लागे आणि पहिला गिअर सोडून दुसरा टाकायची धाकट्याची हिंमत होत नसे. मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? शेवटी कामावरच्या मुकादमाने सांगून टाकलं, "तुझी एक खेप होते तोवर बाकीच्यांच्या दोन होतात. गाडी बदल, नाहीतर येऊ नकोस."

धाकटा गॅरेजात आला तो तणतणतच. "ताई, डिझेलचा पंप पूर्ण सोडून दे. जेवढं डिझेल पिता येईल तेवढं पिऊ दे याला."

"नुसतं डिझेल पाजून काय होणार?" ताई म्हणाली. "काळा धूर निघेल, बाकी काही नाही. ताकद हवी तर हवाही तेवढीच द्यावी लागते. टर्बो बसवू. पण आधी हाडं धड करायची, मग बळ."

"आणि एवढं करून नाही जमलं तर?"

"जमेल."

"नाही जमलं तर ट्रक भंगारात देईन आणि कंपनीच्या गाडीवर जाईन. लांबच्या रस्त्यावर. मग महिना-महिना तोंड दिसणार नाही माझं, सांगून ठेवतो."

ताईने चेन-पुली ओढायला घेतली. मी ट्रकमधून वर उचलला गेलो आणि अधांतरी लोंबकळताना मला कळून चुकलं की या खेपेला माझ्याबरोबर त्या दोघांचंही काहीतरी टांगणीला लागलं आहे.

मला उघडायचं काम धाकट्याने केलं, आपल्या पद्धतीने. कॅप सोडवल्या आणि सगळ्या एकाच घमेल्यात, डिझेलमध्ये धुवायला टाकल्या.

"खुणा बघितल्यास का?" ताईने विचारलं.

"बाबांचे ठिपके आहेत की!"

त्यावर तिचंही समाधान झालं. दुसरा कुणी मिस्त्री असता तर त्याने आधी स्वतःची खूण केली असती, निदान कुठली कॅप कुठून निघाली ते बघितलं असतं. पण ही दोघं बाबांची मुलं. बाबांच्या खुणेवर दुसरी खूण करणं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मी बघत होतो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

त्यानंतरचे दिवस मात्र सुखाचे गेले. सिलिंडरच्या आत बसणारे नवे लायनर आले, नवे दणकट पिस्टन आले. ताईने सहाही पिस्टन काट्यावर तोलून एकसारखे केले. माझ्या हेडमधल्या हवेच्या वाटा घासून इतक्या गुळगुळीत केल्या की बोट सुळकन आत जावं. क्रँक लेथवर चढवून तपासला, पॉलिश केला. टर्बो खोक्यातून निघाला तेव्हा धाकट्याने तो बाळासारखा दोन्ही हातांत धरला. माझ्याच धुराच्या जोरावर फिरणारा आणि मला जास्तीची हवा पाजणारा पंखा तो. या वयात असा दागिना अंगावर चढणार म्हणून मीही हुरळलो होतो.

मग क्रँक बसवायचा दिवस उजाडला. टोकाच्या दोन कॅप झाल्या, मधली कसली. क्रँक लोण्यासारखा फिरला. तिच्या शेजारची कसली, तो जड झाला. दुसऱ्या बाजूची कसली, आणखी जड. सगळ्या कसून झाल्यावर पान्याला लांब नळी लावून दोघं लोंबकळली, तरी क्रँक जागचा हलेना.

"वाकलाय," धाकटा म्हणाला.

"मी स्वतः तपासलाय. सरळ आहे."

"मग ब्लॉक गेलाय. ताई, मान्य कर ना. म्हातारं झालं हे इंजिन."

ताईने सगळं सोडवलं, पुसलं, पुन्हा बसवलं. तेच. तिने ठिपके पुन्हा मोजले. बरोबर. मग ती उगाचच पाने पुसत बसली. धाकट्याने खिशातून फोन काढला. "भंगारवाल्याला बोलावतो. उगाच जीव नको अडकवूस." तो दाराकडे वळला.

नेमकी तेव्हाच आई चहाची किटली घेऊन आली. दोघांचे चेहरे बघून तिने किटली खाली ठेवली. "काय रे, कोण गेलं?"

"काही नाही गं," ताई वैतागून म्हणाली. "बाबांच्या खुणांप्रमाणे बसवलंय सगळं. एक ठिपका पहिली, दोन ठिपके दुसरी. तरी फिरत नाहीये."

"बाबांची पहिली?" आईला हसूच आलं. "मग ती शेवटची असणार."

"म्हणजे?"

"अगं, त्या माणसाने जन्मात कधी काही पुढून मोजलंय का? महिन्याची तारीख विचारली तर संपायला किती दिवस उरले ते सांगायचे. पोरं किती म्हटलं की आधी धाकटा, मग तू. इंजिनाला हात घालायचे तेसुद्धा गिअरबॉक्सच्या बाजूने, मागून. मीच धरायचे ना कंदील!"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. सगळं जग इंजिन मोजतं ते पुढून, पंख्याच्या बाजूने. मधली कॅप दोन्हीकडून तिसरीच, म्हणून ती तेवढी आपल्या जागी बसली होती आणि बाकीच्या चौघी परक्याच्या घरी. ताईने त्या सोडवल्या, उलट क्रमाने बसवल्या, कसल्या. मग पाना बाजूला ठेवला आणि नुसत्या हाताने क्रँक ढकलला.

तो फिरला. काहीही कुरकुर न करता फिरला.

ताई रडायला लागली. धाकटा तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होता, "बाबा म्हणजे ना, बाबाच!" आणि त्याचे स्वतःचे डोळे वाहत होते. आई म्हणाली, "चहा गार होतोय."

ताईने ते ठिपके घासून टाकले नाहीत. ब्लॉकवर फक्त एक बाण कोरला, मोजणी कुठून सुरू करायची ते दाखवणारा, मागच्या बाजूला टोक असलेला.

मी पुन्हा ट्रकमध्ये बसलो. पहिल्या दिवशी ताईने धाकट्याला दम भरला, "एक गोष्ट ऐक. चढ चढून आलास की लगेच चावी फिरवायची नाही. टर्बो तापलेला असतो. थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं, तेल फिरू द्यायचं, मग बंद." धाकट्याने मान डोलावली. त्याच्या मान डोलावण्यावर माझा फारसा विश्वास नव्हता.

पहिल्या चढावर त्याने दुसरा गिअर टाकला. मग घाबरत घाबरत तिसरा. टर्बोने शीळ घातली, सहाही जणांनी जोर लावला आणि सिमेंट भरलेला ट्रक घेऊन मी वळणामागून वळण वर गेलो. धाकटा एकटाच केबिनमध्ये मोठमोठ्याने हसत होता.

वर पोचल्यावर सवयीप्रमाणे त्याचा हात चावीकडे गेला. आणि थांबला. ज्या माणसाला मी इतक्या वर्षांत क्षणभर स्वस्थ बसलेला पाहिला नव्हता, तो स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसून राहिला. बसून करायचं काय, म्हणून त्याने ताईला फोन लावला.

"पोचलो गं."

"बंद नाही ना केलंस?"

"नाही. चालू आहे."

"मग बोलू नकोस. ऐकू दे."

त्याने खाली उतरून फोन माझ्याजवळ धरला. मी हळूहळू, एका लयीत चालत राहिलो. मग ताई म्हणाली, "आई इथेच आहे. तिलाही देते."

आता रोज हे असंच चालतं. लोक म्हणतात, जुन्या इंजिनात काय ताकद आली! आली, नाही कशी म्हणू? पण तुमच्याही दारात माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल तर एवढंच सांगतो, चढ चढून आल्यावर त्याला लगेच बंद करू नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसा आणि तेवढ्या वेळात घरी एक फोन करा.