दर रविवारची क्षमा

सावळेरामआण्णांनी आपल्या मुलाला क्षमा केली होती, पण एकदा करून त्यांचं भागलं नव्हतं. अवसरी बुद्रुकच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी ख्रिस्ती मंडळीची उपासना असे; गाणी संपून साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, वेळ झाली की आण्णा उठत, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारख्या करत, माइक हातात घेत आणि सूरजला पुन्हा क्षमा करत. सूरज पुरुषांच्या सतरंजीवर मान खाली घालून बसलेला असे. साक्ष संपत आली की त्याने उठून पुढे जायचं, गुडघे टेकायचे, आण्णांनी डोक्यावर हात ठेवायचा आणि मंडळीने टाळ्या वाजवायच्या. हे आता इतकं अंगवळणी पडलं होतं की टाळ्या कधी सुरू करायच्या हे लहान पोरांनाही माहीत होतं.

गुन्हा काही बारीकसारीक नव्हता. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात सूरज धाकट्या बहिणीला, अक्षदाला, मावशीकडून आणायला मोटारसायकल घेऊन पेठला गेला. जाताना एका मित्राच्या हळदीला थांबला आणि तिथे प्याला. येताना अवसरी घाटातल्या वळणावर गाडी घसरली. त्याचं कोपर सोललं, अक्षदा जागीच गेली. रस्त्यावर खडी सांडली होती. पंचनाम्यात खडी आली आणि गावानेही खडीलाच दोष दिला. पोरगा प्यालेला असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण तो आण्णांचा पोरगा होता, आणि प्रभूकडे वळल्यापासून आण्णांच्या घरात तंबाखूसुद्धा येत नव्हती.

ते बाहेर आलं सूरजच्याच तोंडून. काही आठवड्यांनी पास्टर दादाभाऊंनी उपदेशात सांगितलं, की मनापासून कबूल केलेलं पाप देव माफ करतो आणि विसरूनही जातो. पास्टर असं बरंच काही सांगत असत, लोक ऐकत असत आणि घरी जाऊन जेवत असत. या पोराने मात्र ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी बापलेक बराखीत साठवलेल्या कांद्यातून सडके कांदे निवडत होते. तिथे त्याने बापाला सगळं सांगितलं.  हातातला कांदा टाकून आण्णांनी पोराला छातीशी ओढलं आणि हुंदके देऊन रडले. "तू हायेस ना," ते म्हणाले, "तू तरी हायेस." सूरजला त्या क्षणी वाटलं, देव म्हणतात तो हाच. बराखीतून बाहेर आला तेव्हा त्याला कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

त्या दुपारी आण्णा गेले असते तर फार मोठ्या मनाचा बाप म्हणून गेले असते. पण ते चांगले धडधाकट होते, आणि पुढे रविवार आला.

पहिल्या रविवारी ते खरंच रडले. काय बोलतोय याचं त्यांना भान नव्हतं, तेवढं मान्य करायला हवं. सगळी मंडळी त्यांच्याबरोबर रडली. भावकीने टाकलेला, सतरंज्या अंथरणारा हा माणूस तोवर तिथेही कुणाच्या खिजगणतीत नव्हता. साक्षीनंतर त्याला खुर्ची मिळाली. मग मंचरहून बोलावणं आलं, जुन्नरहून आलं, निमगाव सावाहून आलं. आण्णा जात आणि सूरजला बरोबर नेत, कारण नुसतं सांगण्यापेक्षा दाखवलेलं लोकांना पटतं. हळूहळू साक्षीने बाळसं धरलं. एका बाटलीच्या तीन झाल्या. जागीच गेलेली अक्षदा शेवटचं बोलायला लागली, "आण्णा, दादाला क्षमा करा." अपघाताच्या वेळी आण्णा शेतात कांद्याला पाणी देत होते, पण असले हिशेब साक्षीत कोण करतो? हे वाक्य आलं की तिची आई, साळुबाई, पदर तोंडावर ओढून घ्यायची. लोकांना वाटायचं, प्रार्थना करते.

सूरजचं लग्नही साक्षीनेच जमलं. मोहिनीच्या वडिलांनी ती निमगाव सावाला ऐकली होती. जावई पापी असला तरी सासरा देवमाणूस आहे, असा विचार करून त्यांनी मुलगी दिली. मोहिनीने नवऱ्याला त्या गोष्टीबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि हे बरं की वाईट हे सूरजला कधी कळलं नाही.

त्याने बापाला अडवलं का नाही, असं कुणी विचारेल. बहीण मारलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने अडवायचं? एकदा फक्त तो म्हणाला होता, "आण्णा, मी तुमाला एकट्याला सांगितलं व्हतं." आण्णा शांतपणे म्हणाले, "मी काय खोटं सांगतो का?"  त्यानंतर सूरज मेल्यासारखा जाई, मेल्यासारखा गुडघे टेकी. दहा वर्षं अशीच गेली.

मग आरती दुसरीत गेली. आरती म्हणजे सूरजची मुलगी. पहिलीपर्यंतची पोरं उपासनेच्या वेळी बाहेर चिंचेखाली बसून गाणी म्हणत, आणि दुसरीत गेलेल्या पोरांनी आत मोठ्यांबरोबर बसायचं असा पास्टरांचा नियम होता. आरतीला नवा फ्रॉक शिवला.  साऱ्या तालुक्याला माहीत असलेली ही गोष्ट फक्त या एका पोरीला माहीत नव्हती. जगात एकच माणूस असा होता जो त्याला बघून धावत यायचा, आणि त्या धावण्यात क्षमा वगैरे काही नव्हतं. दहा वर्षांत त्याने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आता मागायचं ठरवलं.

शनिवारी आण्णा सदऱ्याला इस्त्री करत होते.

"आण्णा, उद्या आरती आत बसंल," सूरज म्हणाला. "तिच्यासमोर तेवढं नका सांगू. ती मोठी झाली की मी माझ्या तोंडानं सांगंन."

आण्णांनी इस्त्री उभी करून ठेवली. "बरं," म्हणाले. "न्हाई सांगत. माझी बी नात हाय ती."

सूरजने त्यांचे पाय धरले. त्या रात्री तो गाढ झोपला.

रविवारी आण्णा उठले ते गुडघेदुखीची साक्ष द्यायला. गुडघा कसा धरला, प्रार्थनेने कसा सुटला, हे त्यांनी इमानाने सांगितलं. मंडळीने कसंबसं आमेन म्हटलं. मागे कुणीतरी जांभई दिली. जुन्नरहून मुद्दाम आलेली काही माणसं खुर्च्यांवर बसली होती, ती एकमेकांकडे पाहू लागली. पास्टर पुढे झुकून म्हणाले, "आण्णा, पावणं लांबून आलेत. ती साक्ष द्या ना."

आण्णांनी सूरजकडे पाहिलं. सूरजने नकाराची मान हलवली, अगदी जराशी. मग आण्णांनी खुर्च्यांवरच्या पाहुण्यांकडे पाहिलं. त्यांना सूरजला दिलेला शब्द आठवत नव्हता असं नाही. पण गुडघ्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. माणूस किती स्वस्तात विकला जातो हे बघायचं असेल तर त्या वेळी त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

"देवापुढं काय लपवायचं," ते म्हणाले आणि सुरुवात केली.

हळद आली, तीन बाटल्या आल्या, घाट आला. "ह्या माझ्या पोरानं सोताच्या बहिणीला मारलं," असं म्हणून त्यांनी बोट दाखवलं. मग बराख आली. "आन ह्यानं सोता येऊन मला सगळं सांगितलं. बापाजवळ सांगितलं." आईशेजारी बसलेली आरती आधी आजोबांकडे बघत होती, मग बापाकडे बघू लागली. सूरजला तिच्याकडे बघवेना. तो उठला, पुढे गेला आणि गुडघे टेकले. उरकून जावं, एवढीच त्याची इच्छा होती.

पण आण्णांना त्या दिवशी काहीतरी सुचलं. "आरती, हिकडं ये बाळा," ते माइकवर म्हणाले. मोहिनीने पोरीचा हात घट्ट धरला. पास्टर हसून म्हणाले, "येऊ द्या, येऊ द्या," आणि सगळ्यांच्या देखत तिला तो सोडावा लागला. आण्णांनी नातीचा हात बापाच्या डोक्यावर ठेवला, तिच्यापुढे माइक धरला. "म्हण, पप्पा, मी तुमाला क्षमा केली."

आरती शाळेत कविता म्हणायची तशा आवाजात म्हणाली. माइक असल्यामुळे ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. अशा टाळ्या त्या शेडमध्ये कधी पडल्या नव्हत्या. खुर्चीवरच्या एका बाईने डोळे पुसले. आण्णा पास्टरांना म्हणत होते, "मंचरला हिला बी नेऊ."

घरी आल्यावर साळुबाईंनी भाकरी थापल्या, सगळे जेवले. आण्णांनी दोनदा कालवण मागून घेतलं.

त्याच आठवड्यात आरती शाळेतून आली ती एक हात पोटाशी धरून. सूरज गोठ्यात होता. त्याने बाही वर केली तर दंड सुजला होता आणि त्यावर बोटांचे निळे वळ होते, मोठ्या माणसाच्या बोटांचे. 

"कुणी केलं हे?"

"कुणी न्हाई."

तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "आरती, मला सांग. मी तुला रागवणार न्हाई. तुझं काय चुकलं आसंल तरी न्हाई."

तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती.

"बाळा, मी तुझा बाप हाय. कुणालाच सांगणार न्हाई."

तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिच्या बघण्यात राग नव्हता.

"तुमी बी आण्णांना सांगितलं व्हतं ना," ती म्हणाली, आणि बाही खाली ओढून घरात गेली.