वरचं कार्ड, खालचं कार्ड

मी भेटीची कार्डं ठेवायची एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो, आणि आधीच कबूल करते, चांदीची नाही. शेफील्डच्या कारागिराने तांब्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवून मला घडवलं. दिसायला खानदानी, आतून तांबं. ब्रॅडस्टॉकबाईंनी मला विकत घेतलं तेव्हाच मला वाटलं, आपलं आणि यांचं छान जमणार.

त्यांच्या दारातल्या मेजावर माझी जागा होती. घरी कोणी नसताना पाहुणा आला की नावाचं कार्ड माझ्यात ठेवून जाई. स्वतः आला असेल तर कार्डाचा कोपरा दुमडायचा. मग घरच्या पुरुषाने आठवड्याच्या आत परतभेट द्यायची. नाही दिली, तर हे दार आपल्याला बंद, असं पाहुण्याने समजायचं.

एकदा चाक मोडल्यामुळे लेडी कॉवेल यांची बग्गी आमच्या दारात थांबली आणि त्यांचं कार्ड माझ्यात पडलं. झालं. ते पिवळं पडलं तरी बाईंनी वरून हलवू दिलं नाही. नवीन येईल ते त्याच्याखाली सरकवायचं, असा मोलकरीण पेगला हुकूम होता.

गावात लॅम्बर्न नावाचा तरुण औषधवाला होता. आमच्या हेस्टरला, बाईंच्या लेकीला, तापातून त्यानेच उठवलं होतं, आणि तेव्हापासून दोघांचा जीव एकमेकांवर जडला होता. पण बोलतं कोण? त्याला ब्रिस्टलला नोकरी लागली, आणि तो कोणत्या दिवशी, कोणत्या टपालगाडीने जाणार हे गावभर झालं. एका मंगळवारी तो भेटायला आला, तर मंडळी बाहेर गेलेली. त्याने कार्डाचा कोपरा दुमडला आणि ते माझ्यात ठेवलं. पेगने ते कार्ड नेमाप्रमाणे खाली सरकवलं. सांगायचं काम तिचं नव्हतं. पाहायचं काम बाईंचं, आणि त्यांची नजर वरच्या कार्डापुढे कधी जात नसे.

हेस्टर येता-जाता माझ्याकडे पाही. वर लेडी कॉवेल. तिला वाटलं, तो निरोप घ्यायलाही आला नाही. लग्न न ठरलेल्या मुलीने पुरुषाला पत्र लिहायचं म्हणजे अब्रूच गेली, त्यामुळे विचारायचीही सोय नव्हती. मला तोंड नाही. माझा जीव नुसता तुटत होता.

पुढच्या मंगळवारी बाई म्हणाल्या, "हेस्टर, पाद्रीबाई यायच्यात. लेडीसाहेबांचं कार्ड जरा नीट दिसेल असं ठेव बरं."

हेस्टरने कार्ड उचललं, तर खाली लॅम्बर्नचं कोपरा दुमडलेलं कार्ड; ते कधी आलं, हे तिने पेगला विचारलं. मग थेट बागेत वडिलांकडे गेली.

"बाबा, उठा. मिस्टर लॅम्बर्न येऊन गेलेत. आज सातवा दिवस आहे, आणि संध्याकाळच्या टपालगाडीने ते निघणार."

"औषधवाल्याच्या दारी जाणार तुम्ही?" बाई मागोमाग आल्या. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ब्रॅडस्टॉकला रीत कळते," म्हातारा हॅट शोधत म्हणाला. "तुझ्या लेडीसाहेब चाक दुरुस्त झाल्यावर फिरकल्या का कधी?"

आज मी ब्रिस्टलला, हेस्टर लॅम्बर्नच्या घरी आहे. घासून घासून माझं तांबं उघडं पडलंय. मित्रांनो, आम्हा जुन्यांना हलक्या हाताने पुसत जा. सून म्हणते, "आई, टाका आता ही." हेस्टर ऐकत नाही. ते दुमडलेलं कार्ड अजून माझ्यात आहे, सगळ्यांत वर. रोज संध्याकाळी ती ते उचलते आणि खाली कोण कोण आहे, ते पाहते.