तारणाची तारीख

शंकरराव साळव्यांना वाढदिवस दोन. एक शाळेच्या दाखल्यावरचा, मास्तरांनी अंदाजे टाकलेला. दुसरा पक्का: बारा मे एकोणीसशे चौऱ्याण्णव, गुरुवार, सकाळचे साडेसात. त्या दिवशी ते बाप्तिस्म्यासाठी उल्हास नदीत कमरेइतक्या पाण्यात उतरले, पाळकांनी त्यांना मागे कलवून पाण्याखाली नेलं नि वर काढलं. आत गेला तो दारुडा शंकऱ्या, वर आले ते शंकरराव. त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत, ही गोष्ट खरीच.

शिरगावच्या ख्रिस्ती मंडळीत ही तारीख पोराटोरांना पाठ होती. दरवर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी शंकरराव उपासनेत उभे राहत, घसा खाकरत नि देवानं आपल्याला कसं तारलं त्याची साक्ष देत. तीस वर्षांत ती साक्ष नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. गटार कुठं येतं, पाऊस कुठं लागतो, बायांनी पदर कुठं डोळ्याला लावायचा, सगळं ठरलेलं.

यंदा मंडळीला चाळीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. तिच्यात पहिली साक्ष शंकररावांचीच. मजकूर शनिवारी संध्याकाळी छापखान्यात जायचा होता. म्हणून शुक्रवारी कामावरून आल्यावर त्यांची लेक जिज्ञासा फोन घेऊन समोर बसली. ते सांगत होते, ती टाइप करत होती. बाजूला त्यांची बायको विनिताबाई घेवड्याच्या शिरा काढत बसल्या होत्या.

"अंबरनाथला नाल्याच्या कडेला मी पडलो होतो," शंकरराव सांगू लागले. "नाकातोंडात चिखल. पाणी चढत होतं. आणखी घटकाभरानं मेलोच असतो. तेव्हा परमेश्वरानं हात पुढं केला नि मला उचललं."

"हे भारी आहे पप्पा," जिज्ञासा म्हणाली. "मग?"

"मग घरी आलो."

"कसे? शुद्धीत नव्हता ना तुम्ही?"

तीस वर्षांत मधेच कुणी विचारलं नव्हतं. साक्षीत कुणी विचारत नसतं.

विनिताबाईंनी मान वर केली नाही. शेंग मोडत म्हणाल्या, "अहो, कोंडाजी भावजींचं नाव याही वेळी गाळलं का?"

"त्याचा काय संबंध?"

"पहिल्या वर्षी साक्ष दिलीत तेव्हा होतं. भावानं खांद्यावर टाकून आणलं, असं म्हणाला होतात. दुसऱ्या वर्षीही होतं. पुढं भावजींचं पिणं वाढलं तसं तुम्ही त्यांना आधी 'एक माणूस' केलंत. मग तोही गेला, नुसता देव राहिला."

"देवानंच केलं ना सगळं?"

"मी कुठं नाही म्हणते? पण देवाच्या अंगाला त्या दिवशी भावजींचा शर्ट होता. उलटी मी धुतली त्याच्यावरची, म्हणून आठवतं."

जिज्ञासाला हसू आलं. बापाचं तोंड पाहून तिनं ते गिळलं. "काय लिहू पप्पा?"

"उद्या सांगतो," शंकरराव म्हणाले नि जेवायच्या आधीच अंथरुणावर जाऊन पडले.

कोंडाजी त्यांचा थोरला भाऊ. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात राहायचा, जीन्सच्या कारखान्यात कापडाचे तागे उचलायचा. आठ वर्षांपूर्वीच्या नाताळात शंकररावांच्या घरी मंडळी जेवायला जमली होती. भजन रंगात आलं होतं. तेवढ्यात दारात कोंडाजी उभा राहिला, हातात सिंध्याच्या बेकरीतला केक नि तोंडाला वास. सगळ्यांनी माना वळवल्या. शंकररावांनी उंबऱ्यातच हात आडवा लावला. "माझं तारण झालंय," ते म्हणाले, "ही घाण माझ्या घरात नको." नि दार लावलं. आतल्या दोघातिघांनी 'आमेन' म्हटलं. सकाळी जिन्यावर केकचा खोका होता, मुंग्या लागलेला. कोंडाजी पुन्हा आला नाही. शंकररावांना वाटलं होतं, आपण जगापासून वेगळं निघण्याचं धैर्य दाखवलं.

शनिवारी सकाळी त्यांनी जुनी स्कूटर काढली. विनिताबाईंनी डब्यात घेवड्याची भाजी भरून हँडलला पिशवी अडकवली. अंबरनाथला नाल्यावरच्या पुलावर ट्रक आडवा होता, तिथं दहा मिनिटं थांबावं लागलं. नाल्याला आता भिंत होती. माणूस पडला तरी दिसला नसता.

पाच नंबरच्या गल्लीत कोंडाजीची बायको तुळशी दारात जीन्सचा ढीग घेऊन लोंबते धागे कापत बसली होती. तिनं त्यांना पाहिलं नि कात्री न थांबवता म्हणाली, "भावजी, रस्ता चुकला काय?"

"नाही वहिनी."

"मग या. इथं दार लावायची पद्धत नाही. कडीच मोडली आहे."

कोंडाजी आत खाटेवर बसला होता. अंग अर्धं झालेलं, पाय सुजलेले, डोळे मात्र स्वच्छ. शंकररावांनी नकळत हवेचा वास घेतला. कोंडाजीच्या ते ध्यानात आलं.

"घे, हुंग नीट," तो म्हणाला. "सत्त्याण्णव."

"काय सत्त्याण्णव?"

"दिवस. आजचा सत्त्याण्णवावा. डॉक्टर बोलला, लिव्हर खलास, आता प्यालास तर घरी जायच्या अगोदर वर जाशील."

"मग सुटली म्हण की."

"सुटली कसली? रोज सकाळी डोळा उघडला की हात थरथरतो. तुझ्याच देवाला सांगतो, बाबा, आजच्यापुरतं बघ. उद्याचं उद्या सांगतो. तो आजच्यापुरतं बघतो. एवढंच आमचं."

शंकरराव स्टुलावर बसले. आपण स्वतःसाठी शेवटचं कधी काय मागितलं, हे त्यांना आठवेना. त्यांच्या प्रार्थनेत नेहमी दुसरे असत: अमक्याची दारू सुटो, तमक्याचं मन बदलो. स्वतःचं काम होऊन गेलेलं होतं.

"तुझी अजून तीच तारीख चालते का रे?" कोंडाजीनं विचारलं. "बारा मे?"

"हो."

"जांभूळ गावाला तू पाणी गाळायच्या कामावर होतास, तेव्हा मी एकदा डबा घेऊन आलो होतो. तू मला ते वाळूचे हौद दाखवलेस. आठवतंय?"

आठवत होतं. एकतीस वर्षं ते काम केलं होतं. नदीचं पाणी वाळूच्या थरातून खाली झिरपतं, गाळ वाळूत अडकतो. दिवसाकाठी वाळू भरते. मग खालून जोरानं स्वच्छ पाणी उलटं सोडायचं. वाळू उकळल्यासारखी वर येते नि घाण वाहून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"मी विचारलं, रोज कशाला धुता? तर मला साहेबासारखा म्हणालास, अरे येड्या, ज्यानं घाण अडवायची तोच रोज भरतो, त्याला रोज धुवावंच लागतं." कोंडाजी खोकला, मग हसला. "रोज हौद धुणारा माणूस. स्वतः एकदाच धुतलास होय रे शंकऱ्या?"

दारातली कात्री थांबली.

शंकररावांना बरीच वचनं पाठ होती. त्यातलं एकही कामाला येईना. त्याऐवजी आई जात्यावर म्हणायची ती ओवी ओठांवर आली. किती वर्षांत आली नव्हती. ते हळूच म्हणाले,

"एका जुवाचे दोन बैल, एक दमला, एक खडा..."

कोंडाजीनं भिंतीकडं बघत ती पुरी केली,

"दमल्याला सोडून गं, घरी येत नाही गाडा."

"अण्णा," शंकरराव म्हणाले, "त्या नाताळात मी चुकलो. त्याच्या आधीही चुकत होतो. तुझं नाव मी माझ्या साक्षीतनं काढून टाकलं. मला माफ कर."

कोंडाजीनं सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून खाटेवर नीट ठेवला. "आठ वर्षं झाली," तो म्हणाला. "एका दिवसात माझ्यानं व्हायचं नाही. खोटं बोलून तुला मोकळा करत नाही. तू ये. मग बघू."

तुळशीनं भाजीचा डबा धुऊन रिकामाच परत दिला. चहा मात्र पाजला.

संध्याकाळी जिज्ञासानं पुन्हा फोन घेतला. या वेळी साक्ष सहा ओळींची झाली. नाल्यातून कोंडाजीनं काढलं, असं तिच्यात होतं. पुढं त्याच कोंडाजीला मी दारातून घालवलं, असंही होतं. खाली तारीख टाकू का, असं तिनं विचारलं.

"बारा मे राहू दे," शंकरराव म्हणाले. "तिथून सुरू झालं, असं लिही."

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, ज्याचं भावाशी बिनसलं असेल त्यानं आधी ते नीट करावं. इतकी वर्षं हे वाक्य शंकररावांच्या डोक्यावरून जायचं. ताट त्यांच्यापुढं आलं तेव्हा त्यांनी भाकरीला हात लावला नाही; ते शेजारच्याकडं सरकवलं. प्यालाही तसाच गेला. चार माना वळल्या. मागं कुणीतरी कुजबुजलं, "साळवेकाका घसरले वाटतं." विनिताबाईंनी ऐकलं नि नवऱ्याच्या आणखी जवळ सरकून बसल्या.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी हात धरला. "काका, काय झालं?"

"काम चालू आहे," शंकरराव म्हणाले. "झालं की घेईन."

पुढच्या शनिवारी स्कूटर पुन्हा उल्हासनगरच्या रस्त्याला लागली. तुळशी दारात होती, ढीग मागच्यापेक्षा मोठा. तिनं जीन्स बाजूला ओढून वाट केली. कोंडाजी खाटेवर बसून होता. हात थरथरत होता, म्हणून त्यानं तो मांडीखाली दाबला होता.

"एकशे चार," तो म्हणाला.

शंकररावांनी चपला काढल्या, स्टूल खाटेजवळ ओढलं.

"तुझा कितवा शनिवार?" कोंडाजीनं विचारलं.

"दुसरा," शंकरराव म्हणाले.