अब्बांचं ‘जरा’

दुआला ‘किती’ विचारायची खोड जन्मापासूनची. पाणी गरम आहे म्हटलं की किती गरम, पाहुणे लांबून आलेत म्हटलं की किती लांबून. तिच्या अम्मीच्या, म्हणजे सुरैय्याच्या, नाकी नऊ येत. त्यात सहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या केया मिसनी या पोरीच्या हाती कोलीतच दिलं. स्लाइटली, फेअरली, क्वाइट, व्हेरी, एक्स्ट्रीमली या शब्दांची शिडी वहीत काढायची आणि घरातली माणसं कुठल्या पायरीवरून बोलतात ते आठवडाभर टिपायचं. कोण कोणापेक्षा जास्त बोलतं, सगळ्यात कमी कोण, तेही लिहायचं.

“मिस, हाउ फार इज क्वाइट फ्रॉम व्हेरी?” दुआनं वर्गातच विचारलं.

“दॅट डिपेंड्स ऑन हू इज टॉकिंग,” मिस म्हणाल्या.

दुआला एवढं पुरेसं होतं. ती त्याच संध्याकाळी पेन्सिल कानावर खोचून कामाला लागली.

यूएईमधल्या फुजैरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टिपण्याजोगी माणसं दोनच. अम्मीचं काम सोपं होतं, कारण ती कायम सगळ्यात वरच्या पायरीवर. आमटीत मीठ कमी पडलं की “भयंकर झालंय”, शेजारीण दोन दिवस दिसली नाही की “भयंकर काळजी वाटतेय”. राईचा पर्वत करावा तर सुरैय्यानं. दुआनं लिहिलं, ‘अम्मी: एक्स्ट्रीमली, रोज साधारण नऊ वेळा.’

अब्बांनी मात्र तिला पेचात टाकलं. गनी मूळचा रत्नागिरीकडचा, बंदरात जहाजांना तेल पुरवणाऱ्या बार्जवर कामाला. त्याच्या तोंडी एकच शब्द, ‘जरा’. माशाचं कालवण खाताना नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी “जरा तिखट आहे”. ऑगस्टमध्ये डेकवर दिवस काढून शर्टावर घामाचं पांढरं मीठ घेऊन आला तरी “आज जरा ऊन होतं”. गेल्या वर्षी पायावर पाइप जोडायचं लोखंडी कपलिंग पडलं, नख काळं होऊन गळून गेलं, तेव्हा “जरा लागलं”. आणि दुआचा थोरला भाऊ उमर पुण्याला कॉलेजात गेला त्या दिवशी विमानतळाच्या पार्किंगमध्ये हा माणूस तासभर गाडी चालू न करता बसून राहिला आणि म्हणाला, “जरा सुनं वाटतंय.”

“अब्बा, यू हॅव ओन्ली वन स्टेप,” दुआ वैतागून म्हणाली. “खूप, फार, असं काहीच कसं म्हणत नाही तुम्ही?”

गनी हसला. “माझी आई सांगायची, दुखण्याचं नाव मोठ्यानं घेऊ नये, ते ऐकतं आणि मुक्कामाला येतं. इथे बार्जवर पण तेच. साहेबाला सांगायचं, लिटल प्रॉब्लेम सर, नो प्रॉब्लेम. मोठा प्रॉब्लेम सांगितला तर आपणच प्रॉब्लेम होतो, बेटा.”

मग गुरुवारी एसी बंद पडला आणि दुआचं कोडं सुटलं. भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसायचं, तिथे अडतीसचा आकडा होता. अम्मी सोफ्यावर पडून म्हणाली, “भयंकर उकडतंय.” त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून, बनियन पिळत, अब्बा म्हणाले, “जरा उकडतंय.” खोली एकच, आकडा एकच. दुपारी त्यांनीच एसीवाल्याशी बोलून फोन ठेवताना म्हटलं होतं, “चाळीस दिरहम, म्हणजे साडेनऊशे रुपये.” दुआ बघतच राहिली. शब्दांचं पण दिरहम-रुपयांसारखंच होतं की! तिनं वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘अब्बांचा एक जरा = अम्मीचा एक भयंकर.’ त्या दिवशी ती एवढी खूश होती की दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शनिवारी संध्याकाळी बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. सामानाच्या पिशव्या घेऊन तिघं जिन्यानं निघाले. तिसऱ्या मजल्यावर गनीनं पिशव्या खाली ठेवल्या आणि पायरीवरच बसला. कपाळ घामानं डबडबलेलं, ओठ पांढुरके.

“काय झालं हो?” सुरैय्यानं विचारलं.

“काही नाही. छाती जरा भरल्यासारखी वाटतेय. गॅस असेल.”

दुआचा हात सवयीनं वहीकडे गेला आणि तिथेच थांबला.

“अम्मी,” ती म्हणाली, “कन्व्हर्ट इट.”

एसीच्या दिवशीची ती गंमत सुरैय्याला ठाऊक होती. एरवी मिठावरून घर डोक्यावर घेणारी ही बाई लगेच खाली वाकली. तिनं गनीच्या खिशातून गाडीची चावी काढली.

“उद्या शिफ्ट आहे माझी. शुक्रवारी जाऊ, इन्शाल्ला,” गनी म्हणत होता.

“खलास, बास झालं. आत्ता,” सुरैय्या म्हणाली आणि त्याला हाताला धरून खाली नेलं.

क्लिनिक दोन सिग्नलवर होतं. तिथे पोचेपर्यंत गनीनं चेहरा पुसून ठीकठाक केला होता. दुखणं अंगावर काढण्यात त्याची हयात गेलेली. डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं, कुठे दुखतंय, किती दुखतंय. त्यानं छातीऐवजी पोटावर हात ठेवला. “लिटल गॅस, डॉक्टर. जरासा. नो प्रॉब्लेम.” जिन्याचं नावसुद्धा काढलं नाही. सुरैय्या मधे बोलायला गेली, तर म्हणाला, “ये तो हर बात में घबराती है.” ते खरंही होतं, म्हणून ती बिचारी मागे सरली. बाई त्याचं पोट दाबून बघू लागल्या.

दुआनं वही टेबलावर ठेवली.

“डॉक्टर, ही सेज जरा फॉर एव्हरीथिंग. प्लीज रीड.” तिनं पान उघडून दाखवलं. “नख पडलं तेव्हा जरा. थर्टी-एट डिग्रीज, जरा. आज जिन्यात बसले, घाम आला, अँड ही सेड छाती. नॉट पोट.”

“दुआ,” गनी दटावून म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्याचं ऐकलं नाही.

बाईंनी पान वाचलं, उलटलं, पुन्हा वाचलं. मग वही मिटली आणि नर्सला ईसीजीचं मशीन आणायला सांगितलं. कागदाची पट्टी बाहेर आल्यावर त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पुढचं सगळं भराभर झालं. हॉस्पिटलात त्याच रात्री हृदयाची बंद होत आलेली नळी उघडून स्टेंट बसवला.

तिसऱ्या दिवशी दुआला आत सोडलं. अब्बा खिडकीपाशी उशीला टेकून बसले होते. बाहेर समुद्रात तेलाची वाट बघत जहाजं उभी होती आणि ते बोटानं ती मोजत होते. सुरैय्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

“वही आणलीस?” अब्बांनी विचारलं. “मिसनी काय दिलं?”

“अजून सबमिट नाही केली.” दुआ पलंगाच्या कडेशी उभी राहिली. विचारू की नको असं तिला पहिल्यांदाच झालं, तरी तिनं विचारलं. “अब्बा, त्या दिवशी तुम्ही किती घाबरला होता?”

गनीनं जहाजं मोजणारं बोट खाली घेतलं.

“जरा,” तो म्हणाला.

दुआनं मनातल्या मनात हिशेब केला. मग तिनं वही खाली ठेवली, चपला काढल्या आणि नळ्यांना धक्का न लावता त्याच्या कुशीत शिरली.